फाटक पडलं की रस्ता थांबतो : रेल्वे फाटकाचा इतिहास, भुताच्या गोष्टी अन् खरी भीती

राणीसावरगाव (वार्ताहर) :

आपल्या राणीसावरगावात रेल्वे नाही. रेणुकादेवीचं मंदिर आहे, नवरात्रात गर्दी असते, बालाघाटाचे डोंगर आहेत. पण रूळ बघायचे तर गंगाखेडलाच जावं लागतं. तरीपण आपल्या भागात रात्री चार माणसं पारावर बसली की रेल्वे फाटकाची एक तरी गोष्ट निघतेच. कुणाला फाटकाजवळ चकवा लागलेला असतो, कुणाच्या मामाला पांढऱ्या साडीतल्या बाईनं हात केलेला असतो, कुणी रात्री रुळावर एकटा दिवा चालताना बघितलेला असतो.

या गोष्टी खऱ्या किती, खोट्या किती, हे बऱ्याच वाचकांनी विचारलं. म्हणून फाटक म्हणजे काय, ते आपल्याकडं आलं कसं, त्याच्या गोष्टी कशा तयार होतात आणि त्याच्यापासून खरा धोका कशाचा, हे सगळं एका ठिकाणी मांडतोय. शेवटी नियमपण दिलेत. ऊस वाहणाऱ्या अन् कडबा भरणाऱ्या भावांनी ते नक्की वाचावेत.

रूळ आपल्याकडं आले कसे?

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात पहिली रेल्वे १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद अशी सुरू झाली. मराठवाड्याला मात्र अजून पंचवीस वर्षं वाट बघावी लागली.

मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. त्याला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणायचे. हे रूळ मीटरगेज होते, म्हणजे दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. याच काळात दुष्काळ पडला होता, त्यामुळं जुन्या माणसांच्या बोलण्यात रेल्वे अन् दुष्काळ एकाच दमात येतात. पुढं १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली मार्ग सुरू झाला आणि निजामाच्याच राजवटीत परभणीहून गंगाखेडवरून परळीपर्यंत रूळ गेले.

परभणी सोडली की सिंगणापूर, पोखर्णी नृसिंह, धोंडी, मग गोदावरीचा पूल, गंगाखेड, पुढं वडगाव निळा, उखळी आणि परळी वैजनाथ, अशी ही वाट आहे. एका टोकाला पोखर्णीचा नृसिंह, मध्ये संत जनाबाईंचं गंगाखेड, शेवटी वैजनाथाचं ज्योतिर्लिंग. म्हणून या गाडीत बाजाराला जाणारी माणसं जेवढी असायची तेवढीच देवाला जाणारी असायची. पुढं परळीला औष्णिक वीज केंद्र झालं आणि कोळशाच्या मालगाड्याही या वाटेनं धावू लागल्या.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे वेगळी निघाली, तिचं मुख्यालय सिकंदराबाद. १ एप्रिल २००३ ला नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला. मीटरगेज काढून रुंद रूळ टाकायचं काम १९९० च्या दशकात मनमाडकडून सुरू झालं. रुंद रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं. रूळ रुंद झाले, गाड्या लांब झाल्या आणि वेग वाढला. फाटकावर मात्र आपली बैलगाडी होती तशीच राहिली. फाटकाच्या बऱ्याच अडचणी इथूनच वाढल्या.

बैलं, इंजिन अन् कापसाची गाडी

माझे आजे कापसाच्या गाड्या घेऊन गंगाखेडला जायचे. ते सांगायचे की फाटकापाशी गाडी उभी करताना आधी बैलांच्या डोळ्यांवर पटका धरायचा. वाफेचं इंजिन शिट्टी मारत, धूर सोडत आलं की नवी बैलं बुजायची अन् गाडीसकट शेतात घुसायची. म्हणून जाणता माणूस फाटकाच्या शंभर पावलं अलीकडंच थांबायचा.

त्यांचं एक वाक्य घरात अजून बोलतात, "फाटकापशी घाई केली त्यानं आयुष्य कमी केलं." आम्हाला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं.

फाटकावरचं थांबणंही वेगळंच होतं. अर्धा तास गाडी यायची नाही. तोवर कुणी तंबाखू मळायचं, कुणी सोयरीक जमवायचं, कुणी बैलाचा भाव विचारायचं. शेंगा, पेरू, काकड्या विकणारी बायामाणसं टोपलं घेऊन बसायची. म्हणून फाटक म्हणजे एक छोटा बाजारच होता. जिथं माणसं थांबतात तिथं गोष्टी तयार होतात, हे साधं कारण आहे.

फाटक चालतं कसं?

बऱ्याच जणांना वाटतं की गेटमन आपल्या मर्जीनं फाटक पाडतो अन् उघडतो. तसं नाही.

बहुतेक मोठ्या फाटकांना इंटरलॉकिंग असतं. म्हणजे फाटक पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळतच नाही. आणि एकदा सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडत नाही. आपण कितीही शिव्या दिल्या तरी गेटमनच्या हातात काही नसतं. त्यामुळं गाडी दिसत नसतानाही फाटक बंद राहतं.

काही फाटकांना असं इंटरलॉकिंग नसतं. तिथं स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन फाटक बंद करून एक खासगी नंबर सांगतो, दोघंही तो वहीत लिहितात. सगळा भरवसा त्या फोनवर अन् माणसाच्या जागेपणावर.

फाटकाच्या ६०० मीटर अलीकडं रुळाच्या कडेला पिवळी पाटी असते. तिच्यावर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘सीटी, फाटक’. तिथून चालकानं शिट्टी वाजवत यायचं असतं.

गेटमनच्या खोलीत लाल अन् हिरवे झेंडे, हातदिवा आणि पटाखे असतात. हे दिवाळीचे फटाके नव्हेत. फाटकात ट्रॅक्टर अडकला, अक्सल तुटला, तर गेटमन लाल झेंडा किंवा दिवा दाखवत गाडीच्या दिशेनं पळतो. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन पटाखे रुळाला लावतो. चाकाखाली ते फुटले की चालक ओळखतो की पुढं धोका आहे. सव्वा किलोमीटर का? कारण भरधाव गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला तेवढी जागा लागते. रेल्वेचा चालक गाडी वळवू शकत नाही, झटक्यात थांबवू शकत नाही. त्यानं तुम्हाला बघितलं म्हणजे तुम्ही वाचलात असं अजिबात नाही.

गोष्ट पहिली : पुलाखाली बळी दिला

ही गोष्ट नुसती आपल्याकडची नाही, देशभर सांगतात. मोठा पूल टिकत नव्हता, मग पायात माणसाचा बळी दिला, तेव्हा खांब उभा राहिला. गोदावरीवरचा कुठलाही जुना पूल दाखवा, ही गोष्ट सांगणारा माणूस भेटतोच. मुंबईकडं रेल्वे नवी होती तेव्हाही लोक असंच बोलायचे. लोखंडाचं धूड बैलाशिवाय पळतंय बघून कुणी त्याला ‘चाक्या म्हसोबा’ म्हटलं, कुणी आगीनगाडी.

या बोलण्यामागं कारण आहे. पूल बांधताना, खडी फोडताना, पटकी-तापात मजूर मरायचे. त्यांची नावं कुठं लिहिली जात नव्हती. घरी परत न आलेल्या माणसाचं उत्तर गावानं आपल्या परीनं शोधलं, तेच म्हणजे ‘बळी दिला’.

पण ही गोष्ट निरुपद्रवी नाही. "पुलासाठी पोरं पळवायलेत" अशी अफवा अजूनही मधूनच उठते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं पोरं पळवणारी टोळी समजून भिक्षुकी करणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी तेव्हा डोकी फिरली होती. आपल्या राज्यात नरबळी अन् अघोरी प्रथांच्या विरोधात २०१३ पासून कायदा आहे. तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर पुढं ढकलू नका, पोलिसांना ११२ वर विचारा.

गोष्ट दुसरी : चकवा अन् चालणारा दिवा

रात्री फाटक ओलांडलं, घरची वाट धरली, तास-दीड तास चाललो अन् परत फाटकावरच आलो. हा चकवा. आपल्या बालाघाटाच्या माळावर, विशेषतः अमावस्येला, हे घडल्याचं बरेच जण सांगतात.

रुळाच्या दोन्ही बाजूंचं रान सारखंच दिसतं. अंधारात ओळखीची खूण नसली की माणूस सरळ चालत नाही, न कळत एका अंगाला वळत जातो, हे जाणकारांनी तपासून बघितलेलं आहे. त्यात भीती अन् कधी कधी पोटातली घोटभर, मग चकवा लागायला भूत कशाला पाहिजे?

चालणाऱ्या दिव्याचं तर उत्तर सोपं आहे. पावसाळ्यात रुळाखालची माती खचते, थंडीत रूळ आकसून तडकतात. म्हणून रात्रीचे गस्तीवाले हातात दिवा, पाठीवर झेंडे अन् पटाखे घेऊन मैलोन्‌मैल रुळावरून चालतात. लांबून माणूस दिसत नाही, नुसता दिवा दिसतो. आपण घरात गोधडी पांघरून "तो बघ दिवा" म्हणत घाबरतो, तेव्हा तो माणूस आपल्याच गाडीसाठी पाय झिजवत असतो. मला विचाराल तर त्या दिव्याला भीतीनं नाही, हात जोडून बघायला पाहिजे.

रूळ रात्री वाजतात, हीपण तक्रार असते. दिवसभर तापलेलं लोखंड रात्री थंड होताना आकसतं अन् कटकट आवाज करतं. पत्र्याचं घर असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

गोष्ट तिसरी : पांढऱ्या साडीतली बाई

ही बाई महाराष्ट्रातल्या प्रत्येक घाटात, प्रत्येक वळणावर अन् प्रत्येक फाटकावर उभी आहे. मोटारसायकलला हात करते, मागं बसते, फाटक ओलांडलं की नसते. गाव बदलतं, साडी तीच राहते.

फाटकालाच ती का सापडते? आपल्याकडं शीव, तिठा, चव्हाटा या जागा आधीपासून ‘वाईट’ मानलेल्या. उतारा तिथंच टाकतात, लिंबू तिथंच पडलेलं असतं. फाटक म्हणजे लोखंडाचा चव्हाटाच. रूळ एकीकडं, रस्ता दुसरीकडं. त्यात अशा जागी अपघात झालेले असतात, कुणी जीव दिलेला असतो. त्या माणसांचं नाव घ्यायला घरच्यांना जड जातं, मग गाव त्यांना भूत करून टाकतं. गोष्ट सांगताना एवढं ध्यानात ठेवावं की त्या ‘बाई’चं माहेर-सासर असू शकतं आणि ती माणसं आपल्याच तालुक्यात राहत असतील.

गोष्ट चौथी : रुळावरचा पैसा

रुळावर नाणं ठेवलं, वरून गाडी गेली की त्याचा चुंबक होतो. माझ्या पिढीतल्या प्रत्येक पोरानं हे ऐकलंय. मीपण ठेवलं होतं. चुंबक झाला नाही, चपटं झालं, अन् घरी मार बसला तो वेगळा. चाकाच्या दाबानं धातू पसरतो, एवढंच होतं. आता मोबाईलवर रील बनवण्यासाठी पोरं हेच करायलीत. नाण्यापाठोपाठ पोरगं रुळाजवळ वाकतं, दुसऱ्या बाजूनं विजेच्या इंजिनाची गाडी येते, अन् तिचा आवाज जुन्या इंजिनासारखा लांबून येत नाही.

अमेरिकेतलं भुताचं फाटक

फाटकाचं भूत आपल्याकडंच आहे असं समजू नका. अमेरिकेत टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचं शहर आहे. तिथल्या एका फाटकाची गोष्ट जगभर माहीत आहे. म्हणे पूर्वी तिथं शाळेची बस गाडीखाली सापडली, लेकरं गेली. आता कुणी फाटकाजवळ मोटार न्यूट्रल करून उभी केली तर ती लेकरं मागून ढकलून रूळ पार करून देतात. मागच्या डिकीवर पावडर टाकली तर छोट्या हातांचे ठसे उमटतात. वर्षानुवर्षं लोक रांगा लावून हे बघायला जायचे.

खरं काय निघालं? तसा अपघात त्या शहरात झालाच नव्हता. तो झाला १ डिसेंबर १९३८ रोजी, लांब युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ. धुकं अन् बर्फात शाळेची बस मालगाडीपुढं आली, वीसहून जास्त जीव गेले. बातम्या सॅन अँटोनियोच्या पेपरांत बरेच दिवस छापून आल्या अन् हळूहळू लोकांनी तो अपघात आपल्याच फाटकाला चिकटवला. मोटार आपोआप चढते असं वाटायचं तो नजरेचा खेळ. रस्ता चढाचा दिसतो, असतो उताराचा. आपल्या देशात लेहजवळ ‘मॅग्नेटिक हिल’ला हेच दिसतं. आणि हातांचे ठसे? ते मोटारीवर आधीच असतात, पावडरनं नुसते उठून दिसतात.

या गोष्टीतला कामाचा भाग पुढं आहे. युटाच्या त्या अपघातानंतर तिकडं नियम झाला की शाळेच्या बसनं प्रत्येक फाटकावर थांबायचं, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं, मगच पुढं जायचं. एका गावानं अपघाताचं भूत केलं, दुसऱ्यानं नियम केला. लेकरं वाचली ती नियमानं.

भुतानं बंद पाडलेलं स्टेशन

पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बेगुनकोदर नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथं पांढऱ्या साडीतलं भूत दिसतं असा बोभाटा झाला अन् १९६७ मध्ये स्टेशन बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं थेट २००९ मध्ये. बेचाळीस वर्षं! तेवढ्या काळात आजारी माणसं, बाळंतिणी, शाळेची पोरं, बाजाराला जाणारे शेतकरी किती हिंडले असतील याचा हिशोब कुणी ठेवला नाही. अफवेची किंमत अशी असते. ती पसरवणारा देत नाही, गाव देतं.

माझीच गोष्ट, जी खोटी आहे

आता जे सांगतोय ते आजवर घरातही पूर्ण सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन. मोटारसायकलवर मागं हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी बांधून गावाकडं निघालो होतो. दिवेलागणीची वेळ. फाटक पडलेलं. चार-पाच जण गाडी आडवी करून दांड्याखालून निघत होते, मीपण निघालो. पहिल्या दांड्याखालून गेलो अन् मागची पिशवी दांड्याला अडकली. गाडी पुढं ओढतोय, पिशवी सोडत नाही. गेटमन ओरडत पळत आला. तेवढ्यात मालगाडी माझ्यापुढून धडधडत गेली. चाकाचा वारा तोंडाला लागला. पिशवी अडकली नसती तर मी त्या वेळी रुळावर असतो.

गावात आलो तेव्हा अंगात कापरं भरलेलं. लोकांनी विचारलं, मी एवढंच बोललो, "कुणीतरी मागून धरलं." पिशवी म्हणायला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते ‘कुणीतरी’ मोठं झालं. आठ दिवसांत त्याला पांढरी दाढी आली. वर्षभरात फाटकाजवळच्या एका दगडाला शेंदूर लागला अन् "इथला बाबा वाचवतो" असं लोक सांगू लागले. मला माझीच गोष्ट दुसऱ्या तालुक्यातल्या माणसानं ऐकवली, त्याच्या मेव्हण्याच्या नावावर.

दगडाला शेंदूर लागला याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्यानंतर पोरं बिनधास्त दांड्याखालून जायला लागली. बाबा वाचवतो ना! मला वाचवलं ते बियाण्याच्या पिशवीनं. दरवेळी पिशवी अडकत नसते.

खरी भीती कशाची?

भुतानं फाटकावर माणूस मारल्याची नोंद नाही. घाईनं मारल्याच्या नोंदी मात्र भरपूर आहेत.

३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात बिनफाटकाच्या रस्त्यावर लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली गाडीखाली सापडली. पन्नासहून जास्त माणसं गेली.

२४ जुलै २०१४ रोजी तेलंगणात मेदक जिल्ह्यातल्या मासाईपेठला नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजरखाली शाळेची बस आली. डझनाहून जास्त लेकरं गेली. ती आपल्याच नांदेडहून निघालेली गाडी होती.

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं गेली.

अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीनं २०१२ मध्येच सगळी फाटकं पाच वर्षांत काढून पूल किंवा भुयारी रस्ते करा, असं सुचवलं होतं. खर्च सांगितला होता ५० हजार कोटी. पुढं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत देशातल्या रुंद रुळांवरची बिनमाणसाची फाटकं बंद झाली. माणूस असलेली हजारो फाटकं अजून आहेत. आणि माणूस आहे म्हणजे धोका संपला असंही नाही. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ माणूस असलेल्या फाटकावर शाळेची व्हॅन गाडीखाली आली, तीन विद्यार्थी गेले. तिथं इंटरलॉकिंग नव्हतं.

रूळ ही चालायची वाट नव्हे, हेही आपल्या मराठवाड्यानं बघितलंय. ८ मे २०२० च्या पहाटे, लॉकडाऊनमध्ये, जालन्याहून गावाकडं पायी निघालेले १६ मजूर बदनापूर-करमाड दरम्यान रुळावर झोपेतच मालगाडीखाली गेले. रुळावर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो कुणी विसरलं नसेल.

उसाच्या ट्रॅक्टरचा हिशोब

आता शेतकऱ्याचा हिशोब. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर साधारण १८ मीटर लांब भरतो. रुळाच्या अलीकडून निघून शेवटची ट्रॉली पलीकडं सुरक्षित जायला ३० मीटर तरी पाहिजेत. भरल्या ट्रॉलीनं फाटकावरचा चढ घेताना वेग ताशी ५ किलोमीटर धरा. म्हणजे ३० मीटरला लागले साधारण २२ सेकंद.

ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी ‘सी/फा’ पाटीपासून फाटकापर्यंतचे ६०० मीटर किती वेळात कापते? साधारण २२ सेकंद.

म्हणजे शिट्टी ऐकून तुम्ही निघालात तर ट्रॅक्टर अन् रेल्वे एकाच वेळी पोचतात. त्यात गिअर अडकला, ट्रॉलीची पिन निघाली, टेपचा आवाज मोठा असला, तर पुढचं सांगायची गरज नाही. हा हिशोब पोरांना एकदा वहीवर करून दाखवा. भुताच्या दहा गोष्टींपेक्षा जास्त कामाला येईल.

फाटक गेलं, पाणी आलं

फाटकं बंद करून बऱ्याच ठिकाणी खालून भुयारी रस्ता करतात. अपघात थांबतात हे खरं. पण पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, ही तक्रार गावोगाव आहे. उंची कमी असल्यानं कडब्याची गाडी, कापसाची गाडी, हार्वेस्टर निघत नाही. मग लोक जुन्या जागेवरून पुन्हा रूळ ओलांडतात अन् जिथं फाटकही नाही, गेटमनही नाही, तिथं धोका दुप्पट होतो.

अशा वेळी नुसतं बोंबलून उपयोग नाही. पाणी साचल्याचा तारखेसह फोटो काढावा, ग्रामसभेत ठराव घ्यावा, त्याची प्रत रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला अन् तहसीलला द्यावी, पोच घ्यावी. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे. काम होईपर्यंत लेकरांना लांबच्या पण पक्क्या रस्त्यानं पाठवावं.

हे लक्षात ठेवा

• बंद फाटक जबरदस्तीनं उघडणं हा रेल्वे कायदा १९८९, कलम १६० खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फाटक तोडलं तर पाच वर्षांपर्यंत.

• बिनमाणसाच्या फाटकावर वाहन थांबवून, क्लीनर किंवा सोबतच्या माणसानं खाली उतरून रुळापर्यंत जाऊन दोन्हीकडं बघायचं. सोबत कुणी नसेल तर चालकानं स्वतः उतरायचं. हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ मध्ये आहे.

• एक गाडी गेली म्हणून निघू नका. दुहेरी मार्ग असेल तर दुसऱ्या बाजूनं गाडी येऊ शकते.

• विजेची तार असलेल्या फाटकावर आडवी कमान असते. तिची उंची ४.६७ मीटर. तुमचा कडबा, कापूस किंवा ऊस तिच्याखालून जात नसेल तर पुढं जाऊ नका. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. भरलेल्या गाडीवर माणूस बसवून फाटक ओलांडू नका.

• वाहन रुळावर बंद पडलं तर आधी माणसं उतरवा, लांब न्या. मग गेटमनला सांगा. गेटमन नसेल तर लाल कपडा हलवत गाडी येण्याच्या दिशेनं, रुळाच्या बाजूनं पळा. ट्रॅक्टर कर्जानं परत येतो.

• कानात हेडफोन घालून, मोबाईल बघत रूळ ओलांडू नका.

शेवटी

फाटकाच्या गोष्टी सांगू नका असं माझं म्हणणं नाही. पारावर गोष्टी राहिल्याच पाहिजेत. चकवा सांगा, चालणारा दिवा सांगा, आज्याची बुजलेली बैलं सांगा. फक्त दिवा सांगताना गस्तीवाल्या माणसाचं नाव घ्या. बळीची गोष्ट सांगताना पुलावर मेलेल्या मजुरांची आठवण काढा. आणि ‘बाबा वाचवतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्या हरभऱ्याच्या पिशवीची गोष्ट सांगा.

माझी मुलगी आता शिकायला गंगाखेडला जाते. बस फाटकावर थांबली की फोन करते, "पप्पा, फाटक पडलंय, उशीर होईल." मी म्हणतो, होऊ दे.